शनिवार तेल्यांच्या वाटेने: मुंबई, अलिबाग, पुणे

आईचं माहेर अलिबागचं, इस्राएल आळीला लागून. शेजारच्या यहुदी कुटुंबाच्या घराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक डबी तिरकी ठोकलेली असायची. घरातली माणसं आत-बाहेर करताना त्या डबीला बोटं लावायची आणि मग ती बोटं ओठांना लावायची. त्या घरातल्या ताईकडून आई भरतकाम शिकली. ताई आईहून दहाएक वर्षांनी मोठी. १९६९ च्या उन्हाळ्यात ती नवरा आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन इस्रायलला गेली. अश्दोदहून दोन वर्षं पत्रं येत राहिली, मग थांबली.

आईला आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. दिवाळीत पणत्या लावता लावता ती म्हणाली, "ताईची मुंबईतली मशीद एकदा बघायची राहिलीच." मला वाटलं, तिची काहीतरी गफलत होतेय. गफलत माझीच होती, ते पुढे कळलं. फेब्रुवारीत थंडी ओसरायच्या बेताला आम्ही दोघी नाशिकहून निघालो.

गुरुवार: मशीद बंदर

सीएसएमटीला उतरून एक स्टेशन मागे आलं की मशीद. बाहेर हातगाड्या, पाठीवर गोणी घेतलेले हमाल, मिरचीचा आणि सुक्या मेव्याचा वास. त्या गर्दीतून आईचा हात धरून सॅम्युएल स्ट्रीटवर पोचायला पाऊण तास लागला. गल्लीत शार हारहामीम सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, आहे. नावाचा अर्थ दयेचं द्वार. बाहेरून पाहिलं तर चटकन ओळखू येत नाही, पाटी वाचावी लागते.

आधी फोन करून परवानगी काढली होती, ओळखपत्रं तयार ठेवली होती. देखरेख करणारे काका दाराशीच उभे होते. आईने चपला काढायच्या आधी पदर डोक्यावर घेतला, तेव्हा ते हसून म्हणाले, "आजी, तुमचं माहेर कोकणातलं दिसतंय." आईने अलिबाग सांगितलं. "मग तुम्ही आमच्याच गावच्या," असं म्हणून त्यांनी पंखा लावला आणि बसायला खुर्ची दिली.

आत शिरलं की बाहेरचा गोंगाट एकदम मागे पडतो. मधोमध लाकडी कठड्याचा उंचवटा, त्याला तेवा म्हणतात. तिथे उभं राहून हजान प्रार्थना म्हणतो. वर बायकांसाठी सज्जा. छतातून लोंबणारे काचेचे दिवे. समोर पडद्याआड पवित्र कपाट, त्यात तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या. कपाट पश्चिमेच्या भिंतीत आहे, कारण इथून यरुशलेम पश्चिमेला. बाजूला दोन खुर्च्या. मुलाच्या सुंतेच्या वेळी एकीवर बाळाला मांडीवर घेणारा माणूस बसतो आणि दुसरी एलियाहू संदेष्ट्यासाठी रिकामी राहते.

मग काकांनी सामाजींची गोष्ट सांगितली. समाजात ती घरोघर सांगतात. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा त्यांनी आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, असल्याचं सांगितलं. हे नाव कुराणात आलेलं आहे, असं म्हणून टिपूच्या आईने त्यांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका आहे. कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा सामाजींनी नवस केला होता. १७९६ साली त्यांनी तो फेडला. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. पुढच्याच वर्षी ते तोराची गुंडाळी आणायला कोचीनला गेले आणि तिथेच वारले. आजची वास्तू १८६० सालची, मूळ जागेपासून जवळच.

"आणि मशीद?" मी विचारलं.

"आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. ही जुनी मशीद. १८४० च्या सुमाराला खडक भागात दुसरं बांधलं ती नवी मशीद. स्टेशनचं नावसुद्धा आमच्या मशिदीवरूनच पडलं, असं आमची माणसं सांगतात."

आईने माझ्याकडे फक्त बघितलं.

निघताना मी सहज विचारलं, प्रार्थनेला किती माणसं येतात? काका थोडा वेळ गप्प राहिले. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात. नऊ असले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, तोराची गुंडाळी वाचनासाठी काढता येत नाही. "पूर्वी आमची मुलं याच गल्ल्यांत राहायची. आता माणसं ठाण्याला, नाहीतर तिकडे इस्रायलला. कुठल्याही सिनेगॉगला जा, कधी ना कधी दहाव्या माणसाला फोन लावावाच लागतो." १९५१ च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांवर यहुदी होते. आज साडेचार-पाच हजार, त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात.

हा दहाचा आकडा पुढचे चार दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. २००८ च्या हल्ल्यानंतर सगळ्या सिनेगॉगांवर पहारा कडक आहे, मूळ ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. दोन-तीन दिवस आधी कळवा. पुरुषांनी रुमाल किंवा टोपी न्यावी. फोटो विचारूनच काढा, नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असतो, त्या वेळात पाहुणा म्हणून जाऊ नये. आणि गल्लीत गाडी न्यायचा हट्ट धरू नका, चालत जा.

शुक्रवार: काळा घोडा, भायखळा आणि बोट

सकाळी भायखळ्याला मागेन दाविद बाहेरून पाहिलं. तिथे आम्ही वेळेत कळवलं नव्हतं. निळा रंग, उंच खांब, घड्याळाचा मनोरा. डेव्हिड ससूनने १८६४ साली बांधलेलं. शेजारी सर जेकब ससून शाळा, तिच्यात आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. मधली सुट्टी झाली होती, मुलं फाटकाशी डबे उघडून बसली होती. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

तिथून काळ्या घोड्याला. घोड्याचा मूळ पुतळाही ससून घराण्याचाच. त्यावर बसलेला सातवा एडवर्ड राजा आणि ती जोडी मुंबईला दिली आल्बर्ट ससूनने. ससून ग्रंथालय तिथेच, ससून गोदी पुढे कुलाब्याला. एकाच घराण्याची नावं सोडली तर दक्षिण मुंबईचा पत्ता सांगणं अवघड होईल. जवळच्या गल्लीतलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग जेकब ससूनने १८८४ साली उभारलं. पूर्वी ते बाहेरून आकाशी होतं. २०१९ मध्ये जीर्णोद्धार झाला, आता पांढरं आणि गडद निळं आहे. त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. अकराच्या सुमाराला रंगीत काचांतून ऊन आत येतं आणि बाकांवर निळे-लाल ठिपके पडतात. जायचं तर याच वेळेला जा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मशीद बंदरचं सिनेगॉग बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं. भायखळ्याचं आणि काळ्या घोड्याचं बगदादी यहुद्यांनी बांधलेलं. डेव्हिड ससून बगदादहून निघून १८३२ मध्ये मुंबईला आला. बगदादी अरबी बोलत, पुढे इंग्रजी बोलू लागले, व्यापारात मोठे झाले. नऊवारी नेसणाऱ्या, तेलाचे घाणे चालवलेल्या या लोकांच्या यहुदीपणाबद्दल त्यांच्यातल्या अनेकांना शंका होती. १८३६ साली त्यांनी दफनभूमीत मध्ये भिंत घालू द्या, अशी सरकारकडे मागणी केली. पुढे कैक वर्षं काही ठिकाणी बेने इस्राएल पुरुषाला दहांत धरतही नसत. नऊ बगदादी आणि एक बेने इस्राएल असले, तर मिनयान नाहीच.

बगदादी कुटुंबं स्वातंत्र्यानंतर लंडनला, ऑस्ट्रेलियाला, इस्रायलला गेली. त्यांच्या या देखण्या वास्तूंत आज प्रार्थनेला उभं राहणारे लोक मुख्यतः बेने इस्राएल आहेत. ज्यांना मोजत नव्हते, त्यांच्यामुळेच तिथली मोजणी दहापर्यंत जाते. तिथल्या एका आजोबांना मी याबद्दल विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "देवाचं घर कोणी बांधलं हे देव विचारत नाही. दिवा कोण लावतो, तेवढं बघतो." हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मला मात्र त्या भिंतीच्या मागणीबद्दल राग आला, अजूनही येतो.

दुपारी गेटवेहून मांडव्याची बोट धरली. समुद्र शांत, सीगल पक्षी बोटीमागे. तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतच्या बसचे पैसे होते. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, त्यामुळे सप्टेंबर ते मे हाच काळ. उशिरा निघू नका, शेवटच्या बोटींना गर्दी असते. सूर्य मावळताना अलिबागला पोचलो. "आता शब्बाथ लागला. ताई आता दिवा लावून डोळ्यांवर हात धरत असेल," आई म्हणाली आणि मग स्वतःच थांबली. ताई आज असती तर अठ्ठ्याऐंशी वर्षांची.

शनिवार: नवगाव, चौल, रेवदंडा

शनिवारी सिनेगॉगला जायचं नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्याची सुरुवात जिथे झाली तिकडे गेलो. अलिबागच्या उत्तरेला किनाऱ्यावर नवगाव आहे. रिक्षावाल्याला सांगितलं तर म्हणाला, "इस्राएलांच्या थडग्यांकडं ना? चला."

परंपरा अशी. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या समुद्रात एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बाया पोहून किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी बाहेर टाकली. वाचलेल्यांनी ती इथे पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली आणि बायका दुसऱ्या. चौलचं मोठं बंदर इथून जवळ, जहाजं तिकडे निघालेली असायची. आज त्या जागी उंच पांढरा स्मृतिस्तंभ आहे. भोवती नारळी, आणि थोड्याच अंतरावर समुद्र.

आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. ओहोटी लागली होती. आईने आणलेली अबोलीची ओंजळ स्तंभाच्या पायाशी ठेवली. नंतर कुणीतरी आम्हाला सांगितलं, की यहुदी लोक थडग्यावर फुलांऐवजी खडा ठेवतात. आई म्हणाली, "पुढच्या वेळी खडा ठेवू. आज त्यांनी फूल गोड मानून घेतलं असेल."

वाचलेल्यांच्या पोथ्या पाण्यात गेल्या. लक्षात राहिलं ते एवढंच: "शमा इस्राएल" ही एक प्रार्थना, सातव्या दिवशीची विश्रांती, मुलाची सुंता आणि काय खायचं, काय नाही. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. ज्या गावात राहिले त्याचं आडनाव घेतलं: नवगावकर, चौलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. रायगडच्या नकाशावर बोट फिरवत गेलं तर समाजाची हजेरी घेतल्यासारखं होतं.

मग फार पुढे दाविद रहाबी नावाचा एक यहुदी कोकणात आला. हे लोक खरंच आपलेच का, हे बघायला त्याने बायकांसमोर सगळ्या जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. तोरातला नियम तोच आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून तयार केलं, त्यांचे वंशज काजी म्हणून समाजाचे तंटे सोडवत. मला ही गोष्ट फार आवडते. पोथी बुडाली, भाषा विसरली, पण चुलीपुढे बसलेल्या बाईच्या हाताने नियम सांभाळला. त्याच सकाळी बाजारात कोळणीच्या पाटीत कोळंबी, चिंबोऱ्या आणि बांगडे शेजारी शेजारी बघितले होते, त्यामुळे गोष्ट ऐकताना हात अगदी डोळ्यांसमोर आले.

चौलला रामेश्वराच्या पुष्करणीवर थोडं बसलो. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग शब्बाथमुळे रस्त्यावरूनच पाहिलं. शेकडो वर्षांची वस्ती असलेल्या या पट्ट्यात आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी घरं उरली आहेत.

दुपारी एका घरगुती खानावळीत वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. बिरडं बघून आईला सण आठवले. बेने इस्राएलांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली होती. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण. योम किप्पूर हा मोठा उपास, त्या दिवशी घराची दारं लावून घेत, म्हणून दारफळणीचा सण, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. एक खिरीचा सण. पुरीम साधारण शिमग्याच्या आसपास येतो, तोही होळीचा सण. "ताईकडे गोडात दूध नसायचं. नारळाचं दूध. मटणाबरोबर दूधदुभतं खात नाहीत ना ती माणसं." गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात केलेला हलवा ती अजून विसरलेली नाही. प्रार्थनेच्या पेल्यातही द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असे.

संध्याकाळी उतरलो होतो त्या घरच्यांनी वाडीत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडकं उपडं करून भोवती जाळ. जानेवारी-फेब्रुवारीत अलिबागला गेलात आणि पोपटी न खाता परतलात तर फेरी अर्धी राहिली असं समजा. पांढऱ्या कांद्याच्या माळाही नुकत्याच आल्या होत्या. दोन घेतल्या.

रविवार: इस्राएल आळी

रात्री आईला झोप लागली नाही. सकाळी सातलाच साडी नेसून तयार.

आळीचं नाव पाटीवर अजून तेच आहे. घरं मात्र बदलली. ताईच्या घराच्या जागी तीन मजली इमारत, खाली मोबाइलचं दुकान. आईचं माहेरही केव्हाच विकलं गेलं, त्यामुळे ती दोन्ही जागांमध्ये नुसतीच उभी राहिली. मग इमारतीच्या मागे गेली आणि मला हाक मारली. कुंपणाला टेकून एक मोठा काळा दगड होता, मधे खोल वाटीसारखा खळगा. घाण्याचा दगड. ताईच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनच घाणा बंद होता, दगड अंगणात तसाच पडून असायचा. कुणीतरी त्यात माती भरून कोरफड लावली आहे. आईने दगडाच्या कडेवरून हात फिरवला. मी फोटो काढला, का काढला ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

दोन घरं पुढे एका जुन्या दाराच्या चौकटीवर ती तिरकी डबी दिसली. मेझुझा. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली "शमा इस्राएल"ची वचनं असतात. घरातल्या बाई बाहेर आल्या. आम्ही कोण, कुठल्या, हे विचारून चहाला बोलावलंच. आत जाताना आईने नकळत डबीला बोटं लावली. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या.

मागेन आबोथ सिनेगॉग आळीतच आहे. नावाचा अर्थ पूर्वजांची ढाल. १८४८ सालचं, १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. झाडांची सावली, शांत आवार. भिंतीवरच्या देणगीदारांच्या नावांत हिब्रूच्या शेजारी मराठी. आई एकेक आडनाव मोठ्याने वाचत गेली आणि प्रत्येकापुढे काही ना काही सांगत गेली: हे शाळेत गणित शिकवायचे, यांच्याकडे पहिला रेडिओ आला, यांची मुलगी नर्स झाली. इथे आता मोजकीच कुटुंबं राहतात. सणासुदीला मुंबई-ठाण्याहून गाड्या भरून माणसं येतात, तेव्हा दहाची चिंता नसते.

चहा पिताना त्या बाईंनी मलिद्याबद्दल सांगितलं. जगातल्या इतर यहुद्यांत नसलेला हा विधी. भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेला नारळ, वेलची, सुकामेवा, भोवती पाच प्रकारची फळं आणि वर गुलाब. लग्न, नवं घर, परीक्षा, आजारातून उठणं, कशासाठीही नवस बोलतात आणि एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करतात. झाडाच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद, जमिनीतल्या पिकासाठी वेगळा. आईला आठवत होतं, की मलिद्याचं ताट आळीबाहेरही जायचं आणि रिकामं ताट परत पाठवायचं नाही म्हणून आजी त्यात तांदूळ घालून द्यायची.

एलियाहूची जागाही जवळच आहे, सागावला. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा. शबात या यहुदी महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत, एलियाहूचा उरूस. इस्रायलहून आलेले बेने इस्राएलही इथे येतातच. आम्ही गेलो तेव्हा खडक उन्हात तापलेला होता. एक तरुण जोडपं मलिद्याचं सामान मांडत होतं, सोबत त्यांचे आजोबा. आजोबा हिब्रूत गात होते आणि मधेच नातसुनेला मराठीत सांगत होते, "पोहे वरखाली कर गं, गूळ खालीच राहिलाय." आम्हालाही ओंजळभर दिलं. चव ओळखीची होती, आमच्याकडच्या गूळपोह्यांची.

तिसऱ्या प्रहरी पेण-खोपोलीमार्गे पुण्याची एसटी.

सोमवार: लाल देऊळ आणि रास्ता पेठ

पुण्यात रिक्षावाल्याला सिनेगॉग म्हणू नका, लाल देऊळ म्हणा. कॅम्पात मोलेदिना रस्त्यावर लाल विटांचं ओहेल दाविद उभं आहे, मनोरा सुमारे नव्वद फुटांचा. डेव्हिड ससूनच्या पैशातून ते १८६७ मध्ये पुरं झालं, आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा. ससून स्वतः १८६४ मध्ये पुण्यातच वारला, आवारातच त्याची कबर आहे. ससून हॉस्पिटल याच घराण्याच्या देणगीचं. कितीतरी पुणेकर ते नाव रोज घेतात, पण कबर इथे आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. आईने तिथे एक खडा ठेवला. नवगावच्या किनाऱ्यावरून तो तिने पिशवीत आणला होता, मला न सांगता.

रास्ता पेठेतलं सुक्काथ शेलोमो १९२१ सालचं, बेने इस्राएलांनी बांधलेलं. लहान, घरासारखं. तिथे भेटलेल्या आजी सुती साडीत, केसांत मोगरा. त्यांनी पुण्यातच १८७४ साली छापलेल्या, वल्हांडण या यहुदी सणाच्या पोथीबद्दल सांगितलं. हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी, आणि चित्रात बेखमीर भाकरीची तयारी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या. त्यांच्या घराण्यात कीर्तनही होतं. बेने इस्राएल कीर्तनकार झांजा-पेटीवर योसेफाचं, मोशेचं आख्यान लावायचे, साकी, दिंडी, ओवीतून. आजींनी दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि आईने मान डोलावून ताल धरला.

मी विचारलं, तिकडे गेलेल्यांचं काय? आजी म्हणाल्या, सोपं नव्हतं. तिथल्या धर्मपीठाने आमच्या लग्नांवर शंका घेतली, आमची माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएलांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. "इथे बगदादी विचारत होते, तिथे रब्बी विचारायला लागले. आमच्या बायकांनी मासे निवडून दाखवले होते, ते कुणाच्या लक्षात नव्हतं." इस्रायलमध्ये अजूनही मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक निघतं, हेही त्यांनीच सांगितलं. इथे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

मग आईने धीर करून ताईचं आडनाव सांगितलं.

"कुठले? दोन घराणी आहेत त्या नावाची."

आईने गाव सांगितलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं, घाणा सांगितला.

"अश्दोदला गेलेले? धाकटा भाऊ रेल्वेत होता तो?" आजींनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि कुणाला तरी बोलून संदेश पाठवला. चाळीस मिनिटांत तीन फोन झाले. ठाणे, लोद, अश्दोद. आम्ही पोह्यांच्या चकल्या खात बसलो होतो.

ताई बारा वर्षांपूर्वी गेली. आईने ते ऐकून घेतलं, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

स्वारगेटला बसची वाट बघताना माझ्या फोनवर एका बाईच्या आवाजातला संदेश आला. सहा वर्षांची गेलेली मुलगी, आता साठी ओलांडलेली. मराठी अलिबागची, थोडी अडखळती, मधेच एखादा हिब्रू शब्द. "मावशी, मी बोलते. आई तुमचं नाव घ्यायची. तुम्ही भरलेला मोरांचा रुमाल माझ्याकडे आहे. मावशी, आमच्या अंगणात घाण्याचा दगड होता, पावसाचं पाणी साठलं की त्यात मी कागदाच्या होड्या सोडायचे. तो आहे का हो अजून?"

आईने फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि बटण दाबायच्या आधीच बोलायला लागली, "आहे गं बाळ, आहे. कोरफड लावलीय त्यात."